दहापासून मोजलेली खोली

१०

माझ्या टेपचं पहिलं टोक तुटलेलं आहे, म्हणून मी दहापासून सुरू करते.

सुतारकाम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. स्टीलच्या टेपचं टोक आधी झिजतं, मग वाकतं आणि एक दिवस नसतंच. म्हणून कोणी टेप फेकून देत नाही. दहाची रेघ कडेवर धरायची, मोजायचं आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. माझ्या टेपचं टोक जाऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी कपाटं केली, पलंग केले, दातांच्या एका डॉक्टरचा अख्खा दवाखाना केला. दहा वजा करायला कधी विसरले नाही.

एकदाच विसरले. ही त्याच खेपेची गोष्ट. वरचे आकडे टेपवरचे आहेत. शून्य ते दहा शेवटी येईल, कारण तो तुकडा कुठे होता हे मलाही शेवटीच कळलं.

१८

जिन्याची एक पायरी अठरा सेंटीमीटर उंच. दादाच्या घरापर्यंत अशा बहात्तर.

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो चार मजल्यांचा. आई त्याच्याकडे राहायची. तिने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, तेही पायमशीनवर, त्यात गुडघे गेले. मग ती सात महिने खाली उतरलीच नाही. मी फोन केला की विचारायची, "खाली अजून जमीन आहे ना गं? की कोणी नेली?"

माझ्याकडे यायचं तर माझं घर म्हणजे खाली कारखाना आणि वर माळ्यावर झोपायची जागा. जायला शिडी. बहात्तर पायऱ्यांऐवजी अकरा दांड्या.

पण मागे परस होतं. तिथे मी लाकडं रचून ठेवायचे.

४५

पंचेचाळीस सेंटीमीटर म्हणजे आईच्या नव्या पलंगाची उंची. बसलं की दोन्ही पावलं जमिनीला टेकतात आणि उठताना कोणाचा हात लागत नाही.

खोली चार मीटर बाय तीन. लाकडी सांगाडा, नऊ सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलेला. दाराला उंबरा नाही. खिडकी इतकी खाली, की शिवायला बसल्या बसल्या गल्ली दिसावी. एका कोपऱ्यात शेगडीचा ओटा, दुसऱ्यात न्हाणी. हे सगळं मी एकटीने मोजलं आणि सगळं बरोबर आलं.

फक्त जागा आखायच्या दिवशी दादा मदतीला आला. परसाच्या भिंतीपासून दीड मीटरवर खुंटी ठोकायची होती. त्याने टेपची दहाची रेघ भिंतीला धरली, जशी धरायला हवी तशी. मी दीडशेवर खुंटी ठोकली. ठोकायची होती एकशेसाठवर. त्याला वाटलं, हिशेब ही करेल. मला वाटलं, त्याने केलाच असेल. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच राहून जातात. आईचे सात महिनेही असेच गेले.

रंग वाळायच्या आत दादाने तिला खुर्चीसकट खाली आणलं. बहात्तर पायऱ्या, तीन विसावे. खाली आल्यावर तिने चप्पल काढली, अनवाणी पाय मातीवर ठेवला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग दादाला म्हणाली, "परत वर न्यायचं नाव काढलंस तर याच चपलेनं बडवीन."

६०

गेटला टपालाची फट आहे, जमिनीपासून साठ सेंटीमीटरवर. नोटीस तिच्यातून आली. पण त्याआधी पालिकेचे तपासनीस येऊन गेले.

नकाशा मंजूर होता. बांधून झालं की तपासनीस येऊन मोजतात, वहीत नोंद करतात, मग खोली खोली होते. तोवर कागदावर ते 'चालू बांधकाम' असतं आणि त्यात कोणी राहायचं नसतं. आई दारात बसून एका कोटाला गुंड्या लावत होती.

तपासनीसांनी विचारलं, "या कोण?"

"चालू बांधकाम," आई म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

त्यांच्याकडे लाल ठिपक्याचं यंत्र होतं. ते भिंतीला टेकवून त्यांनी खोलीवर ठिपका पाडला. एक मीटर चाळीस. मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा एक चाळीस. मी म्हटलं, तुमच्या यंत्राची बॅटरी गेली असेल, आणि माझी टेप काढली. दहाची रेघ भिंतीला धरली, टेप खोलीपर्यंत ताणली आणि बोटाने आकडा दाखवला. "हे काय, दीडशे."

बोलता बोलता माझं मलाच कळलं. मी टेप सोडली. ती सर्रकन आत गेली.

तपासनीसांनी यंत्र खिशात घातलं. शहाणा माणूस. चार दिवसांनी नोटीस आली.

'राहण्याची खोली हद्दीच्या भिंतीपासून किमान १.५० मीटर अंतरावर असणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात १.४० मीटर आढळले. एकवीस दिवसांत (क) बांधकाम नकाशाप्रमाणे करून घ्यावे, किंवा (ख) वापर बदलून घ्यावा, अन्यथा (ग) काढून टाकावे.'

आईने ती चष्मा न लावता हात लांब करून वाचली. "(ग) चं अक्षर जरा मोठं वाटतंय."

९०

शेडला नव्वद सेंटीमीटर चालतात. गॅरेजलाही. वस्तू भिंतीच्या जवळ राहू शकतात. माणूस राहणार असेल तर दीड मीटर लागतं.

हे मला तपासनीसांनीच सांगितलं. मुद्दाम सांगायला आले, गेटबाहेर उभे राहून.

"शेड म्हणून दाखवा ना. बागेची अवजारं ठेवायला. मी उद्या नोंद करतो."

"आणि आई?"

"मी काय रोज येऊन बघणार आहे?"

"पण दुसरं कोणी आलं आणि शेडमध्ये माणूस सापडला तर?"

"चोवीस तासांत बाहेर काढायचा नियम आहे." जरा थांबून म्हणाले, "सहसा कोणी येत नाही."

भिंतीपलीकडून चावीवाले सगळं ऐकत होते. ते आमचे शेजारी. चाव्या करता करता त्यांचे कान बारीक झालेत. तपासनीस गेल्यावर त्यांचं डोकं भिंतीवर आलं.

"पोरी, घे लिहून शेड. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"काका, मग आई कोणत्याही दिवशी रस्त्यावर येईल."

"आमचं गॅरेज बघ. कागदावर एक मोटार आहे. आत मुलगी, जावई, दोन नातवंडं. नऊ वर्षं झाली."

"तुमच्याकडे मोटार कुठे आहे?"

"सायकलसुद्धा पंक्चर आहे. या गल्लीत कागदावर अकरा मोटारी आहेत, एकीलाही चाक नाही. रोज सकाळी दात घासतात, मुलांना ओरडतात. पालिकेला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे. कोणाचं काही अडतंय का?"

अडत होतं. पालिकेची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की त्यांची मुलगी गाद्या गुंडाळायची, मुलांच्या हाताला धरायची आणि गाडी जाईपर्यंत बाजारात हिंडायची. मुलांना ते इतकं सवयीचं झालं होतं, की धाकटा गाडी दिसली की आपणहून बूट घालायचा.

आईने खिडकीतूनच उत्तर दिलं. "भाऊजी, तुमच्या मुलीला पळता येतं. मला यायचं नाही."

"वहिनी, एका ओळीचा तर प्रश्न आहे."

"त्या एका ओळीत मी कुठे आहे ते दाखवा, मग करते सही."

चावीवाल्यांचं डोकं भिंतीखाली गेलं.

दादाचं मत वेगळं होतं. तो फोनवर म्हणाला, "तोपर्यंत आईला वर आणू का?"

मी फोन आईकडे दिला. ती चपलेबद्दल परत एकदा बोलली.

११०

पालिकेच्या खिडकीचा कट्टा एकशेदहा सेंटीमीटर उंच आहे. मला तो कोपरापर्यंत येतो. वाकलेल्या आईला नाकापर्यंत. आतल्या कारकुनाला तिचे फक्त डोळे आणि काठीची मूठ दिसत असणार.

मी तिला नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "तू कपाटं बोलून विकतेस का? नाही ना? मग बोलायचं काम मला करू दे."

कारकुनाने वापर-बदलाचा अर्ज काढला. तपासनीसांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. सगळे आमच्या भल्यासाठी किती धावत होते. त्याने विचारायला आणि लिहायला सुरुवात केली. तो अर्ज माझ्याकडे अजून आहे, म्हणून जसाच्या तसा देते.

बांधकामाचा प्रकार: शेड
वापर: अवजारे साठवणे
अवजारांची यादी (संख्येसह):

इथे तो थांबला. "आजी, काय काय अवजारं आहेत?"

"एकच आहे," आई म्हणाली. "चौऱ्याहत्तर वर्षं जुनं. सांधे गंजलेत. टोक शाबूत आहे."

त्याने 'एक' लिहिलं. मग पेन थांबलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

"आजी, चेष्टा करू नका. नुसतं कुदळ लिहितो."

"मी कुदळ नाही."

आवाज चढवला नव्हता तिने. पण रांगेतलं हसणं थांबलं.

"तसं नाही हो, कागदापुरतं."

"कागदापुरतंच म्हणतेय. घरी मला काय म्हणायचं ते लेकीला कळतं. मी चाळीस वर्षं मापं घेतली, बाळा. छत्तीसच्या कमरेला चौतीस लिहून कोणाचं पोट आत गेलेलं पाहिलं नाही. शिवण उसवते. तू खोटं माप लिहिशील, आणि उसवेल तेव्हा आत मी असेन."

कारकून माझ्याकडे वळला. माणसं अशा वेळी नेहमी लेकीकडे वळतात. "मग तुम्हीच सांगा. शेड नको असेल तर (ग) आहे."

"(क) आहे ना," मी म्हटलं. "नकाशाप्रमाणे करून घ्यावे. नकाशात दीड आहे. दीड करते."

"भिंत पाडून आत बांधणार?"

"नाही. खोली सरकवणार."

त्याने खण उघडला, दुसरा उघडला, खाली वाकून कपाटात बघितलं. "खोली सरकवायचा अर्ज नाही आमच्याकडे."

"मग परवानगीही लागत नसेल."

त्याने 'कुदळ'साठी सोडलेल्या ओळीवर रेघ मारली, अर्ज घडी करून मला दिला आणि म्हणाला, "अकरा दिवस उरलेत."

"दहा सेंटीमीटर आहेत," आई म्हणाली. "रोज एक सरकवला तरी एक दिवस उरतो."

१४०

दादा चार स्क्रूजॅक घेऊन आला. लिफ्टचा पाळणा उचलायला वापरतात ते. आला तो तोंड पाडूनच.

"हे वेडेपणाचं आहे. दोन टन वजन असेल."

"तू यापेक्षा जड उचलतोस."

"ते रुळावर चालतं."

"मग रूळ करू."

मी जुन्या सागाच्या दोन तुळया रंध्याने गुळगुळीत केल्या आणि खोलीखाली आडव्या सरकवल्या. नऊ ठोकळ्यांशेजारी नऊ नवे ठोकळे, भिंतीपासून आणखी अकरा सेंटीमीटर लांब. पाण्याचा नळ सोडवला, न्हाणीचा पाइप सोडवला. दादाने चार कोपऱ्यांना जॅक लावले. हे सगळं आम्ही भरदुपारी, गल्लीदेखत केलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, हाच तर मुद्दा होता.

तुळयांना काय लावायचं यावर वाद झाला. दादा ग्रीस म्हणाला. ग्रीस लाकडात मुरतं, मी म्हटलं. आई खिडकीतून ऐकत होती. तिने पलंगाखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ओढला, ज्यात तिच्या गुंड्या असतात, आणि त्यातून एक पुरचुंडी बाहेर दिली. आत साबणाचे पातळ वाळके तुकडे होते. शिवणारे लोक वापरून झिजलेला साबण टाकत नाहीत, त्याने कापडावर खुणा करतात. चाळीस वर्षांच्या खुणा शिल्लक होत्या.

"घासा हे. आणि डोक्याने काम करा."

"आई, आता बाहेर ये."

"कशाला?"

"खोली उचलायची आहे."

"उचला की. मी कुठे जड आहे?"

"काहीतरी निसटलं तर?"

"तुझं काम निसटणार असेल तर आताच सांग, म्हणजे झोपायच्या आधी कळेल." तिने पाण्याने काठोकाठ भरलेली थाळी मांडीवर घेतली. "आत कोणीतरी हवं. तुम्ही बाहेरून चार कोपरे बघणार, मधलं कोण बघणार?"

ते बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. एका जागी न थांबलेली माणसं मी खूप बघितली आहेत. जागा स्वतः हलत असताना जागचं न हलणारी ती एकच.

दादाने जॅक फिरवायला सुरुवात केली. एका कोपऱ्याला पाव फेरा, मग दुसऱ्याला. लाकूड करकरलं. भिंतीवर चावीवाल्यांचं डोकं, त्याच्या शेजारी त्यांच्या मुलीचं, खाली नातवंडांची. गल्लीतले कागदावरचे बाकीचे मोटारवालेही गोळा झाले होते.

आतून आईचा आवाज. "खिडकीकडे सांडतंय."

दादाने खिडकीकडचा जॅक फिरवला.

"आता दाराकडे. इतकं नको रे. तू लिफ्टमधल्या लोकांनाही असंच करतोस का?"

खोली ठोकळ्यांवरून तीन बोटं वर आली आणि तुळयांवर बसली. मी पहार लावली. दादाने दुसरी. तिसऱ्या कोपऱ्यावर माणूस हवा होता. मी भिंतीकडे बघितलं नाही, मागायचं नाही असं ठरवलं होतं. पण धप्प असा आवाज झाला आणि चावीवाले भिंतीवरून आमच्या बाजूला उतरले, एक चप्पल पलीकडेच सोडून.

"कुठे धरू?"

"खाली. हो म्हटलं की दाबायचं."

पहिल्या रेट्याला काही झालं नाही. दुसऱ्याला साबण ओला झाल्यासारखा चमकला. तिसऱ्याला खोली हलली. खोली हलते तेव्हा आवाज येत नाही. आधी डोळ्याला कळतं, की जिथे सावली होती तिथे ऊन आहे.

"किती?" आतून.

"चार."

"तेवढंच?"

"आई, तू आत आहेस म्हणून."

"मी बाहेर असते तर तुम्ही तीनवरच चहाला बसला असता."

अकरा व्हायला दीड तास लागला. नव्या ठोकळ्यांवर खोली टेकली तेव्हा थाळीतलं पाणी थोडं कमी झालं होतं. आईचा पदर ओला होता. ती म्हणाली, "खिडकीतून आता चावीवाल्यांचं आंब्याचं रोप दिसत नाही. तेवढं नुकसान."

"ते पेरूचं आहे, वहिनी," चावीवाले म्हणाले. ते एका चपलेवर उभे होते.

१५०

तपासनीस विसाव्या दिवशी आले. लाल ठिपका पडला. १.५१.

त्यांनी यंत्र हातात फिरवून बघितलं, खाली वाकून ठोकळे बघितले, मातीवरच्या तुळयांच्या खुणा बघितल्या.

"दीडच लागत होतं."

"एक सेंटीमीटर तुमच्या बाजूने ठेवला," मी म्हटलं. "पुढच्या वेळी कोणाला कमी पडला तर द्या."

त्यांनी वही उघडली. आई दारात बसली होती, तिथेच, त्याच कोटाच्या शेवटच्या गुंडीवर. तपासनीसांनी या वेळी तिला विचारलं नाही. लिहिलं आणि वही तिच्यापुढे धरली.

'वापर: राहणे. राहणारी व्यक्ती: एक.'

आईने हात लांब करून वाचलं. "हं. आता मापात आहे."

ते निघाले तेव्हा चावीवाल्यांच्या मुलीने गाद्या गुंडाळल्या नव्हत्या. ती गॅरेजच्या दारात उभी होती, हातात कंगवा, थोरलीची वेणी अर्धी झालेली. धाकटा सवयीने बूट शोधत होता. तिने त्याला खांद्याला धरून थांबवलं. तपासनीसांनी तिच्याकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे. ते पुढे गेले. एक दिवस थांबतीलही. तेव्हा तिला वेणी पूर्ण करायची आहे.

० ते १०

संध्याकाळी आईने विचारलं, "पण चुकलीस कशी? तू तर चुकत नाहीस."

मी टेप दाखवली. तुटलेलं टोक, दहाची रेघ, दादाला वाटलेलं, मला वाटलेलं.

आईने पत्र्याचा डबा ओढला. गुंड्या बाजूला सारल्या आणि तळातून पिवळ्या स्टीलची एक पट्टी काढली. शून्य ते दहा. कडा घासून गोल केलेल्या, म्हणजे कापडाला लागू नयेत.

"अकरा वर्षांपूर्वी तुझ्या टेबलावर लोंबत होती," ती म्हणाली. "वाकलेली. कात्रीने उडवली. दुमडीचं माप घ्यायला इतकी छान आहे, की काय सांगू."

"आई, याच्यापायी खोली तोडायची वेळ आली होती."

"तू विचारलंस का कधी?"

"दे ती इकडे."

"आणि मी दुमड कशाने मोजू?" तिने पट्टी परत डब्यात टाकली, झाकण लावलं, डबा मांडीखाली घेतला. "तू दहापासून मोज. आता विसरणार नाहीस."

इतक्यात भिंतीवर चावीवाल्यांचं डोकं आलं. हातात एक कोरा अर्ज होता आणि कानावर पेन.

"वहिनी, बांधकामाचा प्रकार म्हणजे काय लिहायचं? इतकी वर्षं मोटार लिहितोय."

"आत कोण राहतं?"

"लेक, जावई, दोन नातवंडं."

"मग तसं लिहा. अक्षर मोठं काढा."

"गॅरेज भिंतीपासून शंभरावर आहे," त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. "विटांचं आहे. सरकायचं नाही."

मी टेप उचलली, कमरेला अडकवली आणि भिंतीवर चढले. "आधी मोजू तर द्या, काका," मी म्हटलं. "टोक तुम्ही धरा. दहावर."